पूर्णिमाचा हातगुण

पूर्णिमा हेगडे खुर्चीत बसली की प्रयोगशाळेचे रिपोर्ट इस्पितळाला पोचत. ती चित्रान्न खायला उठली की थांबत. रात्रभर अडलेले सकाळी ती आली की धडाधड सुटत. हे रिपोर्ट पाठवायचं काम बघणाऱ्या बंगळूरच्या त्या ऑफिसात याचं कारण एकालाही सांगता येत नव्हतं, आणि म्हणे सगळे इंजिनीअर.

दोन्हीकडचे सर्व्हर धडधाकट होते. मध्ये इस्पितळाची फायरवॉल होती, परवानगीशिवाय कुणालाही आत न सोडणारी. तिच्यात वाट उघडून द्या, असं इस्पितळाला केव्हाच कळवलं होतं. रिपोर्ट जातात म्हणजे ती उघडलीच असणार, असं सगळे धरून चालले होते.

"पूर्णिमक्का, तुझा हातगुण गं," शेजारचा चंदन म्हणायचा. "आयुधपूजेला तुझ्याच खुर्चीला हार घालू."

तिला हसू यायचं, बरंही वाटायचं. पण या हातगुणापायी रेवण्णासाहेबांनी दोनदा रजा नाकारली होती, आणि उद्या शिरसीला धाकट्या बहिणीचं सीमंत, म्हणजे डोहाळजेवण, होतं. संध्याकाळची बस चुकली की संपलं.

"सार, आज जाऊ द्या ना," ती त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाली.

"अगं मारायती, माझे बाई, तू गेलीस आणि रिपोर्ट अडले तर? तिथे पेशंट आहेत."

"मी काय देवी आहे का, सार?"

"ते मला काय ठाऊक? तू इथे उभी आहेस, म्हणजे आत्ताही बंदच असणार. बघ."

त्यांनी स्क्रीन तिच्याकडे वळवला. रिपोर्ट जात होते.

जागेवर येऊनही तिचं डोकं चालेना. एरवी ती लॅपटॉप मिटूनच उठायची; आज घाईत मिटायचा राहिला होता, एवढाच काय तो फरक. तिने मिटला. रिपोर्ट थांबले. उघडला. सुटले.

मग तिला आठवलं. तिच्या लॅपटॉपला इस्पितळाच्या आत शिरायची मुभा होती. वाट उघडायला उशीर होतोय म्हणून चाचणीपुरती तिनेच त्यातून रिपोर्टांना चोरवाट काढली होती, आणि बुजवायची विसरली होती. खरी वाट कुणी उघडलीच नव्हती.

तिने रेवण्णांना सांगून टाकलं. ते तिच्यावर भडकले, मग फोनवर इस्पितळवाल्यांवर भडकले, आणि दुपारी वाट उघडली. पूर्णिमाने चोरवाट बुजवली, लॅपटॉप मिटला. रिपोर्ट जातच राहिले.

"जा आता, बस चुकेल," रेवण्णा मान वर न करता म्हणाले.

चंदनने नुसता हात हलवला; हातगुणाचं नावही काढलं नाही. हवी होती ती रजा मिळाली होती, आणि लिफ्टमध्ये तिला रडू आवरेना.