बाधेचं उद्यापन

देऊळघाटजवळच्या त्या मळ्यात दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. अंगारेबाबांच्या पुढ्यात भागवतराव नवं धोतर नेसून पाटावर बसले होते. अंगारा सुरू केल्यापासून त्यांना एकदाही झटका आला नव्हता. म्हणून आज उद्यापन: गावजेवण आणि अंगाऱ्याची शेवटची पुडी.

"डॉक्टरची गोळी म्हंजे जन्माची चाकरी," बाबा माइकवर म्हणाले. "आपला अंगारा म्हंजे व्रत. व्रत सरलं, की बाधेनं बोचकं उचलायचं. पाहा, भगताले कशी समाधी लागून राह्यली."

भागवतराव पेंगत होते. बायांनी हात जोडले.

मेहकरला कॉलेजात शिकवणाऱ्या त्यांच्या मुलीला, पुष्पांजलीला, ती समाधी साध्या झोपेसारखी दिसली. पण घरात त्या आजाराचं नावच कोणी घेत नसे. बाधा म्हटलं की लोक हळहळत. खरं नाव घेतलं की सोयरिकी मोडत.

पंगतीत वडिलांनी तिच्या पानात जिलबी वाढली. "तोंड पाडून काऊन बसली वं?"

"बाबा, डॉक्टरांना एकदा विचारू."

"विचारजो. अगुदर जेव. उद्यापासून विहिरीवर मी एकटा जाईन. तुही माय पहारा देऊन थकली."

"मी मोटरवर पहारा देत होती," गोजरबाई म्हणाल्या. "तुमाले कोन चोरते?"

भागवतराव पोट धरून हसले.

आठवडाही लोटला नाही. एक झटका ओसरण्याआधी दुसरा येऊ लागला. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी चप्पल. जीप बुलढाण्याला पोचली तेव्हा श्वास थांबलेला होता.

गोजरबाईंनी देव्हाऱ्यात प्रसाद म्हणून एक पुडी जपली होती. पुष्पांजलीनं ती डॉक्टर आलिमांकडे नेली. भागवतराव पूर्वी त्यांच्याच गोळ्या घेत. तपासणीचा अहवाल आला तेव्हा त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

"राखेत झटक्यांचीच गोळी कुटून घातलीय. मोजमाप काही नाही. तुम्ही पाहिली ती समाधी म्हणजे गोळीची गुंगी."

"आणि झटके थांबले ते?"

"गोळीनंच. उद्यापनानंतर ती एकदम बंद झाली आणि झटके उसळले. अशी गोळी कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीत, हळूहळू. बरं वाटतंय म्हणून एका दिवशी सोडायची नसते."

पुष्पांजलीनं पोलिसांत तक्रार दिली. चौकशी सुरू व्हायच्या आत पुढचं उद्यापन आलं. या खेपेला पाटावर शेजारच्या महामायाबाईंची पूनम होती, लग्नाची मुलगी.

"भागवत भगत देवाले आवडला," बाबा सांगत होते. "समाधीतच गेला."

पुष्पांजली गर्दीतून सरळ पाटापाशी गेली. "काकू, पुडीत नुसती राख नाही, झटक्यांची गोळी आहे. ती अशी एकदम तोडू नका. पूनमला घेऊन आत्ताच डॉक्टरकडे चला."

महामायाबाईंनी तिचा दंड धरला. "हळू बोल वं माय. पोरीचं जमून राह्यलं. पाहुने बसले हायेत."

पुष्पांजलीनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग पूनमकडे. पोरीचे डोळे गुंगीनं मिटत होते. कॉलेजात बोलायची ती भाषा तिच्या तोंडी आलीच नाही.

"ही बाधा नाही. मेंदूचा आजार हाय, अन् त्याले औषध हाय. लपवू नका, औषध तोडू नका." ती पाहुण्यांकडे वळली. "माह्या बापाले मिरगी होती."