वडिलांची सही

तारकर्लीचा भिकाजी दशावतारात द्रौपदी करायचा, आणि अशी करायचा की समोर बसलेल्या म्हाताऱ्या पदराने डोळे पुसायच्या. मिशी ठेवायची त्याला मुभा नव्हती, पण गावात मान मोठा. घरी मात्र हा पक्का पुरुष. पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेणार नाही.

साल बासष्टचं. दशावतार कंपनीच्या जाहिरातीसाठी द्रौपदीचा फोटो हवा होता. कोल्हापूरचा फोटोग्राफर मालवणच्या बाजारात आलेला. फोटोला ऊन लागतं, म्हणून भर दुपारी तिथल्याच एका दुकानामागच्या अंगणात बायको सावित्री भिकाजीला नऊवारी नेसवत होती. कुंकू लागलं, नथ चढली, आणि तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ लवू सायकलवरून उतरला.

"दादा, आनंदीन इंजिनाच्या वर्गाचो अर्ज भरल्यान. आताच कचेरीत देवक गेला."

लवूच्या होडीला गेल्या वर्षी इंजिन बसलं होतं. ते रुसलं की लवू शिव्या घाली आणि पुतणी आनंदी, भिकाजीची मुलगी, पाना घेऊन बसे. शिव्यांनी ते कधीच चाललं नाही. होडीवाल्यांच्या घरातल्या मुलांसाठी सरकार इंजिन-दुरुस्तीचा वर्ग काढतंय हे कळल्यापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. अर्ज द्यायचा आज शेवटचा दिवस होता.

भिकाजीच्या अंगाची लाही झाली. "चेडवान पानो धरूचो? लोक तोंडात शेण घालतीत! बाप्याचा काम बाप्यान करूचा, बायलेचा बायलेन!"

सावित्रीने निऱ्या खोचता खोचता वर पाहिलं. "हलू नका, निरी सुटता. वीस वर्सां मी तुमका लुगडा नेसवतंय. तेवा खंय गेलले लोक?"

"ती कला आसा!"

"आनी आनंदीचा काय आसा, खरूज?"

भिकाजी आणखी चिडला आणि अर्ज परत आणायला तसाच निघाला, नथीसकट. "ऊन जाईल हो!" म्हणून फोटोग्राफर ओरडत राहिला. बाजारात कुणी हसलं नाही. द्रौपदी आज घाईत आहे, एवढंच लोकांना वाटलं.

कचेरीत आनंदी टेबलापाशी उभी होती. बापाला पाहून तिचा चेहरा उतरला. कारकून घाटावरून नुकताच बदलून आलेला. दशावतार त्याने कधी पाहिला नव्हता.

"या बाई," तो म्हणाला. "मुलीला सांगितलंय मी. सही वडिलांची लागते, आईची चालत नाही. आणि जरा समजवा तिला. बायकांना इंजिनातलं काय कळतं? तुम्हाला कळतं का?"

वीस वर्षं भिकाजी बाई झाला होता. भर सभेत त्याचं वस्त्र ओढलं गेलं होतं, त्याने टाहो फोडले होते. पण तुम्हाला काय कळतं, असं त्याला कधी कुणी म्हटलं नव्हतं. त्याची कानशिलं तापली. त्याने आनंदीकडे पाहिलं. तिला ना राग आला होता, ना नवल वाटलं होतं. अर्जाची दुमडलेली कड ती बोटाने सरळ करत होती. हे तिचं रोजचंच आहे, आणि यातलं निम्मं ती घरी आपल्याच तोंडून ऐकते, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला फार वाईट वाटलं.

"पेन देवा," तो म्हणाला. आवाज खर्जातला, खास बापाचा. कारकुनाच्या हातून दौत सांडायची राहिली.

"तुम्ही... कोण?"

"बापूस." नथ सावरत भिकाजीने सही ठोकली. "माका इंजिनातला काय्येक कळणा नाय. चेडवाक कळता. म्हणान सही माझी, आनी वर्गात जातला ता."

आनंदीने बापाचा घसरलेला पदर खांद्यावर नीट बसवला.

"चल बाय, ऊन आसा तवसर फोटो काढूया," भिकाजी म्हणाला. "लवूकडना पानो घे."

त्या वर्षी कंपनीच्या जाहिरातीवर द्रौपदीच्या शेजारी पाना घेतलेली एक पोरगी होती. ही कुठल्या आख्यानातली, असं लोक विचारायचे.

"नवीन आख्यान आसा," भिकाजी सांगायचा.