आरशासमोरचे डंबेल्स

डोणगावच्या तालमीत सकाळचे ऊन घाईने येत नसे. आधी कौलांच्या फटीतून एक रेघ उतरे, मग तांबड्या मातीवरून सरकत ती मधोमध मूठ कोरलेल्या अवजड दगडी नालेवर विसावे. तिलाही नाल उचलायची छाती नसावी.

उत्तमरावांनी मुंबईहून टपालाने, व्ही.पी.ने डंबेल्स आणि छापील तक्ता मागवला होता. तक्त्यात छाती, दंड, मनगट यांची वेगवेगळी सोय होती. नालेत सारे अंग एकदमच राबे, हे त्यांना फारच अडाणी वाटे. आरशापुढे सहा महिने तपश्चर्या करून त्यांनी तालमीत जाहीर केले, "सरकीचं पोतं एकटा बैलगाडीत चढवतो. मग ही नाल बाहेर."

पोते गुडघ्यापर्यंत आले आणि तिथेच त्याने मुक्काम केला.

"काऊन मालक," गाडीवान रंगराव म्हणाला, "पोत्याले आरसा दाखवू काय?"

रोज नाल उचलणाऱ्या रंगरावने ते एका झोक्यात गाडीत टाकले.

"पोतं वाकडं भरलं होतं," उत्तमराव म्हणाले. रंगराव तोवर बैल जुंपायला लागला होता. तेच जिव्हारी लागले.

डंबेल्स मागवण्याच्या आदल्या दिवशी, तालमीत कोणी नसताना, त्यांनी नालेला हात घातला होता. ती जागची हलली नव्हती.