निघणाऱ्याला विचारू नये

"मॅडम, सेट ऑफ म्हणजे निघणं, सेट आउट म्हणजेपण निघणं. मग या गोऱ्यांना दोन-दोन कशाला लागतात?"

निखिलच्या प्रश्नावर सकाळची सातची बॅच हसली. सहा जण होते, सगळे वर्षभरात परदेशी जाणारे. विनीता पागे यांनी खडू खाली ठेवला.

"सेट ऑफमध्ये पाय बाहेर पडतो तो क्षण महत्त्वाचा. सेट आउटमध्ये माणसानं मनाशी काही ठरवलेलं असतं. लांबचा पल्ला असतो, काही हेतू असतो."

"आणि टेक ऑफ?"

"विमान उडतं ते. माणूस असेल तर एकदम, तडकाफडकी निघून जाणं."

"मग ऋग्वेद रोजच टेक ऑफ करतो ना, भिया! क्लास संपायच्या आधी पोहा-जलेबीकडे," निखिल शेजारच्या मुलाकडे बोट दाखवत म्हणाला.

"वाक्य कर, निखिल."

"माय फादर सेट ऑफ फॉर देपालपूर ॲट सिक्स."

"बरोबर," विनीताबाई म्हणाल्या आणि त्यांनी फळा पुसला. अजून दहा मिनिटं बाकी होती.

अकरा वाजता मुलगी शलाका त्यांना वकिलाकडे घेऊन गेली. पॅथॉलॉजी लॅबमधून तिनं दोन तासांची सुट्टी काढली होती. वकील मनीष हा विनीताबाईंचाच पंधरा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. कोर्टाचा अर्ज हिंदीत केला असता तरी चाललं असतं, पण मॅडमसमोर हिंदीत करायची लाज वाटली म्हणून त्यानं तो इंग्रजीत केला होता.

"बसा, मॅडम. आता सात वर्षं चार महिने झाले. इतके दिवस ज्याची खबर नाही त्याला कोर्ट मृत धरतं. सीधा-साधा मामला आहे. तुम्ही फक्त पढून घ्या आणि साइन करा."

शलाकाला हे लवकर संपवायचं होतं. बाबांचं श्राद्ध करता येत नव्हतं आणि वाट पाहणंही आता होत नव्हतं. आईला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही, हे कॉलनीतल्या बायकांना सात वर्षांत ठरवता आलं नव्हतं. काही जणी दारावरून जाताना उगाच मोबाइलमध्ये पाहत. त्या वेळी बाबांची, म्हणजे रघुवीर पागे यांची, स्कूटर मानपूरला एका ढाब्याबाहेर सापडली होती. स्टँडवर नीट लावलेली, हँडल लॉक केलेलं. मानपूरला त्यांचं कुणी नव्हतं. घरात मात्र अजून रोज संध्याकाळी, ते निघाले त्याच वेळेला, सहा-दहाला फाटकाची कडी वाजे. विनीताबाईंनी कडीला तेल घातलं, मग चिंधी बांधली, शेवटी ती कडीच काढून टाकली. तरी वाजे. त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.

चौथ्या परिच्छेदाशी त्या थांबल्या.

"मनीष, हे वॉक्ड आउट कुणी लिहिलं?"

"मीच, मॅडम. का, गलत है?"

"वॉक्ड आउट म्हणजे भांडून, टाकून जाणं. त्या दिवशी भांडण झालं नव्हतं."

"अच्छा, मग लेफ्ट करू? की ते आपलं, सेट ऑफ? तुम्ही घोटून घेतलं होतं, अजून लक्षात आहे." मनीषनं कीबोर्ड जवळ ओढला. "माय हसबंड सेट ऑफ फॉर... फॉर कुठे, मॅडम?"



"आई, असू दे ना," शलाका म्हणाली. "बाबा सांगून गेलेच नाहीत, तर तू काय सांगणार? पुढे तेच लिहिलंय, विदाउट इन्फॉर्मिंग. मनीष, जल्दी कर, मला लॅबला जायचंय."

"ते खरं नाही," विनीताबाई म्हणाल्या.

"काय खरं नाही?"

"त्यांनी सांगितलं नाही असं नाही. मी विचारलं नाही."

मनीषचे हात कीबोर्डवर तसेच राहिले.

पाग्यांच्या घरी निघणाऱ्याला 'कुठे' असं विचारायचं नसे. विचारलं की काम मोडतं. सासूबाई, द्वारकाबाई, याबाबत फार कडक होत्या. नवीन लग्न झालेल्या विनीतानं एकदा विचारलं, तर रघुवीरना बूट काढून, पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून पुन्हा निघावं लागलं होतं. फार तर 'लांब का?' एवढं विचारायची मुभा होती. सासूबाई गेल्या, नियम राहिला. एम.ए. इंग्लिश झालेल्या बाईनंही तो पाळला. पुढे पाळतो आहोत हेही लक्षात येईनासं झालं.

"त्या दिवशी मी वह्या तपासत होते," त्या म्हणाल्या. "ते म्हणाले, येतो. मी म्हटलं, हं. 'लांब का'सुद्धा नाही विचारलं. मान वर केली नाही. नंतर पोलिसांनी विचारलं, कहाँ गए? मी म्हटलं, बता के नहीं गए. ते त्यांनी लिहून घेतलं. मग तेच सगळीकडे चालत राहिलं."

"सात वर्षं मी बाबांवर चिडून आहे," शलाका हळूच म्हणाली. "सांगून का नाही गेले म्हणून."

"हो. मी चिडू दिलं तुला."

बाहेर पायऱ्यांवर कुणीतरी टाइपिस्टशी रेटवरून वाद घालत होतं. शलाकानं हेल्मेट मांडीवर घेतलं, बाजूला ठेवलं, पुन्हा घेतलं.

"आई, मी गच्चीवर होते. दोरीवरचे कपडे काढत होते. बाबा फाटकापाशी थांबले होते."

"कधी?"

"निघताना. स्कूटर बाहेर काढली, फाटक लावलं आणि थांबले. घराकडे बघत. मला वाटलं, काही विसरले असतील, आत येतील. मी हाक मारणार होते, काय राहिलं म्हणून. पण मग म्हटलं, निघालेल्याला टोकू नये."

"किती वेळ?"

"काय?"

"किती वेळ थांबले होते?"

"मी दोरीवरच्या दोन्ही चादरी काढल्या. घड्या घातल्या. तोवर होते. दुधाचा टेम्पो मागून हॉर्न द्यायला लागला, तेव्हा गेले."

मनीष चष्मा पुसत राहिला. मग त्यानं विचारलं, "मॅडम, हे... हे सगळं नको ना लिहायला? कोर्टाला याची जरूरत नाही. केसला काही फरक पडणार नाही."

"पेन दे."

विनीताबाईंनी कागद पुढ्यात ओढला. वॉक्ड आउटवर एक सरळ रेघ मारली, विदाउट इन्फॉर्मिंगवर दुसरी. समासात, विद्यार्थ्यांच्या वह्यांत लिहीत तशा सुट्या, स्वच्छ अक्षरात, दोन लहान इंग्रजी वाक्यं लिहिली. ते फाटकापाशी थांबले होते. आम्ही विचारलं नाही. दुसऱ्या वाक्यात आधी 'मी' लिहून त्या क्षणभर थांबल्या होत्या, तेव्हा शलाकानंच हात पुढे करून तो शब्द खोडला होता.

"हे परत टाइप कर," त्या मनीषला म्हणाल्या. "आम्ही बसतो."

त्यानं केलं. प्रिंटरमधून कागद गरम बाहेर आला. विनीताबाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि खाली सही केली. बँकेतली आखूड सही नव्हे. पूर्ण नाव, मधल्या रघुवीरसकट.