रेषेपर्यंत

लॅबच्या खिडकीशी निळ्या टोपणाची नळी तिने उजेडासमोर धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. रक्त नळीवरच्या रेषेच्या चांगलंच खाली होतं.

"ही चालणार नाही. पुन्हा रक्त काढून आण."

"ताई, म्हातारी रडायला लागली हो," वॉर्डातली नर्स काकुळतीला आली. "शीरच सापडेना. थोडंच तर कमी आहे, घ्या ना चालवून."

"या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, तेही भरलेल्या नळीच्या हिशोबाने. रक्त कमी पडलं की औषध जास्त होतं. रक्त गोठायला जास्त वेळ लागतो, रिपोर्ट म्हणतो रक्त फार पातळ झालंय, डॉक्टर रक्त पातळ करायची गोळी कमी करतात. आणि म्हातारीला खरं तर..."

बोलता बोलता तिने नळी टेबलावर ठेवून दिली. ताईंचा पारा उतरला असं समजून नर्सने नळी उचलली आणि काढता पाय घेतला.

गेल्या आठवड्यात बाबांचं रक्त तिनेच घेतलं होतं, घरी, त्यांच्या पलंगावर बसून. दोन्ही हात आधीच्या सुयांनी काळेनिळे झालेले. शीर हुलकावण्या देत होती आणि बाबा हूं की चूं न करता भिंतीकडे बघत होते. तिला ते बघवेना. "पुरे एवढं," म्हणत तिने सुई काढली. दुसऱ्या कुणाची असती तर ती नळी तिने तिथल्या तिथे फेकली असती. बाबांची होती, म्हणून स्वतःच्या हाताने मशीनला लावली.

रक्त फारच पातळ, असा रिपोर्ट आला. मग तिने बाबांनाच फैलावर घेतलं.

"गोळी दोनदा घेतलीत ना?"

"नाही गं. रेडिओवर बातम्या लागल्या की घेतो. एकच."

"म्हणजे रिपोर्ट खोटं बोलतो?"

बाबा घड्याळजी. केसाएवढे स्क्रू, पण कुठला कुठल्या घड्याळाचा हे त्यांना कधी विचारावं लागलं नव्हतं. ते बराच वेळ आपल्या बोटांकडे बघत राहिले.

"घेतली असेल मग," ते म्हणाले.

डॉक्टरांनी गोळी निम्मी केली आणि त्याच दिवशी गोळ्यांचा डबा तिच्या कपाटात गेला. बाबांनी दुरुस्तीला आलेली घड्याळं एकेक करून परत केली. "डोकं चालेनासं झालंय," असं ते गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचे. तीही शेजारी उभी राहून मान डोलवायची. आता ते आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणाच्या सुट्टीत ती तडक घरी गेली. या वेळी नळी रेषेपर्यंत भरली. रिपोर्ट आला: निम्म्या गोळीने रक्त हवं त्याहून घट्ट झालं होतं, आणि बाबांच्या हृदयात तर कृत्रिम झडप बसवलेली, तिथे रक्ताची गाठ व्हायची भीती. डॉक्टरांनी पूर्वीचाच पूर्ण डोस आजपासून सुरू करायला सांगितलं. फोनवर ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती बाबांसमोर बसली. मान काही वर होईना.

"तुम्ही विसरला नव्हता, बाबा. मीच रक्त कमी घेतलं होतं. चूक माझी, आणि खोटं तुम्हाला पाडलं."

"एवढंच ना? वेडी कुठली." त्यांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "झालं गेलं. आण तो डबा."

तिने डबा त्यांच्या हातात दिला. जीव थोडा हलका झाला.

रेडिओवर बातम्या लागल्या. बाबांनी डबा उघडून एक गोळी तळहातावर घेतली. तोंडाकडे निघालेला हात मध्येच थांबला. त्यांनी गोळीकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग तिच्याकडे.

"मघाशी दिली नव्हतीस ना गं मला?" त्यांनी हळूच विचारलं.