पप्पांची साक्ष

रविवारी शिरूरच्या चर्चमध्ये पप्पा देवाच्या कृपेची साक्ष द्यायला उभे राहिले. कुरकुंभच्या कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांची साक्ष ठरलेली. "देवानं मला कधी दवाखाना दाखवला न्हाई." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. ल्युकेमियाचं, रक्ताच्या कॅन्सरचं, निदान होऊन पप्पांना नुकतंच चार पिशव्या रक्त चढवलं होतं, आणि ते देणारे तिथेच बसले होते.

"म्हंजी, परवापर्यंत," पप्पा म्हणाले, तेव्हा सगळेच हसले.

घरी येऊन ते दोन वाट्या रस्सा प्यायले आणि मला म्हणाले, "राहेल, उद्या गाडी बेतानं चालव. शिक्रापूरला ट्रकवाले तुला बघून थांबणार न्हाईत."

सोमवारी पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरबाई खुर्ची ओढून पप्पांशेजारी बसल्या. "केमोआधी युरिक ॲसिड उतरवायला हवं, नाहीतर किडनी बंद पडेल. त्यावर औषध आहे. पण काही जणांच्या तांबड्या पेशींत एक एन्झाइम कमी असतं. त्यांच्या पेशी या औषधानं फुटतात."

"तपासलंत ना?" मी विचारलं.

"तपासलं. नॉर्मल आहे. पण या आजारात पेशींतली एन्झाइम्स वरखाली होतात, आणि आत्ता यांच्या अंगात बरंचसं रक्त दुसऱ्यांचं आहे. रिपोर्ट त्यांच्या पेशींचा असू शकतो." त्या पप्पांकडे वळल्या. "म्हणून तुम्हालाच विचारते, काका. कधी एखाद्या गोळीनं कावीळ झाली होती? लघवी काळी झाली होती?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"न्हाई बाई. देवाच्या कृपेनं कधी काही न्हाई."

सलाइनमधून औषध सुरू झालं. दौंडहून पप्पांची थोरली बहीण, कुशाबाई आत्या, डबा घेऊन आली.

"काय रे अब्राम्या, सुई बघून रडला न्हाईस ना?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "लई भित्रा गं हा. दौंडला असताना हिवतापाच्या गोळ्या खाल्ल्या आन् हळदीवानी पिवळा पडला. लघवी तर कोऱ्या चहावानी! आईनं बोंब ठोकली व्हती."

"अक्का, गप," पप्पा म्हणाले.

मी दारात जाऊन ओरडले. नर्सने सलाइन बंद केलं. डॉक्टर धावत आल्या.

"काका, खरं आहे हे?"

पप्पांनी होकाराची मान हलवली. "कधी काही झालं न्हाई म्हणून दर रविवारी उभा राहून सांगतोय, बाई. पोरीसमोर खोटा कसा ठरू..."

बाटली अर्ध्याहून जास्त रिकामी झाली होती. दुपारपर्यंत त्यांचे ओठ निळसर पडले. खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीत रंग गडद होत गेला. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आणखी रक्त मागवलं. आत्या भिंतीला टेकून म्हणत राहिली, "मी सकाळीच यायला हवं व्हतं." मी तिचा हात धरला.

पप्पा मंगळवारी गेले. आधी किडनी, मग हृदय.

आमच्या चर्चचे पाळक आले. प्रार्थना संपवून ते म्हणाले, "आता शांतपणे निरोप दे, राहेल." आत्या डोळे पुसत बाजूला झाली. पप्पांवर चिडायची आमच्या घरात रीत नव्हती. ते जे म्हणतील त्याला मी हो म्हणत आले होते. मी त्यांच्या उशाशी वाकले. आवाज मोठा निघाला, बाहेरच्या नर्सने वळून पाहिलं.

"पप्पा, मला तुमचा राग आलाय. फार राग आलाय. आजारी पडला होतात तर पडला होतात. मला सांगायचं होतंत."