वरचा जोड

"मिस्त्री, सापडलं का काही?" खालून शीतगृहाच्या मॅनेजर प्रियंका मॅडमनं दुसऱ्यांदा विचारलं.

धम्मदीप शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा होता. कानांवर हेडफोन, हातात पिस्तुलासारखं दिसणारं नवं यंत्र. नळीला बारीक भोक पडून गॅस सुटू लागला, तर तो आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. हे यंत्र तो पकडतं आणि कानात सूं सूं करून ऐकवतं. शेजारी पंखे कितीही घोंघावोत, ते फसत नाही. कंपनीनं महिन्यापूर्वी ते हातात दिलं, तेव्हा वीस वर्षं साबणाच्या फेसावर लीक शोधणाऱ्या धम्मदीपनं नाक मुरडलं होतं.

आता छताजवळच्या एका जोडावर तेच यंत्र रोखलं की कानात सूं सूं होत होतं.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं हे शीतगृह त्याच्या चांगल्या ओळखीचं. चार वर्षांपूर्वी इथला थंडाव्याचा गॅस असाच कमी होत होता. तेव्हाच्या मालकानं त्यालाच बोलावलं होतं. त्यानं नळ्यांच्या सगळ्या जोडांना फेस लावून पाहिला, एक सोडून. छताजवळचा हा जोड मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीमागे होता. थप्पी हलवायला हमाल नव्हते, खकाण्यानं शिंका थांबत नव्हत्या, आणि इतका वरचा जोड सहसा बिघडत नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत काढली. कागदावर मात्र लिहून दिलं, सर्व जोड तपासले, गळती नाही.

गळती नाही, म्हणजे कोणीतरी गॅस काढून विकतंय. मालकानं मशीन चालवणाऱ्या नेमसिंगला धरलं. नेमसिंगनं मान खाली घालून कबूल केलं आणि काम सोडलं. त्याच महिन्यात मालकानं शीतगृहही बंद केलं. कबुलीचं कळल्यावर धम्मदीपला तो जोड विसरणं सोपं गेलं. आता नव्या मालकानं कुलूप उघडून गॅस भरला, तर तो पुन्हा कमी.

जोडाखाली भिंतीवर तेलाचा काळा ओघळ वाळून दगड झाला होता. हा ओघळ आत्ताचा नव्हता, शीतगृह बंद पडण्याआधीचा होता. हे पाहायला यंत्राची गरजच नव्हती, नुसती थप्पी हलवली असती तरी दिसलं असतं.

"सापडलं," खाली उतरून तो म्हणाला. "लई जुनं हाय."

"जुनं असो का नवं, बुजवून टाका अन् मोकळे व्हा," मॅडम म्हणाल्या.

त्यानं जोड झाळून बुजवला, पण मोकळं काही वाटेना. यंत्र डिक्कीत टाकून त्यानं गाडी घाटंजीच्या रस्त्याला घातली.

तांड्यावर नेमसिंग अंगणात बकऱ्यांना पाला टाकत होता. चार वर्षांत पार वाळला होता. त्याच्या बायकोनं, भुरीबाईनं, पाण्याचा पेला आणून दिला. धम्मदीपनं तो तसाच खाली ठेवला. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"नेमसिंगभाऊ, तो गॅस चोरीले गेलाच नव्हता. वरच्या जोडातून लीक होता. मी तो जोड पाह्यला नाही, अन् पाह्यला म्हणून लिहून देल्लं."

शिव्या खायची, वेळ पडली तर मार खायचीही त्याची तयारी होती. नेमसिंगच्या हातातला पाला खाली पडला.

"म्हणजे कोणीच नव्हता चोरला?"

"कोणीच नाही. पण भाऊ, तुमी कबूल काहून केलं? तुमाले तं माहीत होतं."

"मले माह्यं माहीत होतं," नेमसिंग म्हणाला. "गॅसच्या खोलीची चाबी दोघापाशीच राहे. माह्यापाशी अन् सोनूपाशी. तुमी लिहून देल्लं, लीक नाही. मी काढला नाही. मंग कोण उरते?"

सोनू त्याचा मुलगा. तेव्हा शीतगृहाचीच गाडी चालवायचा. म्हणजे बापानं मुलाला वाचवायला चोरी अंगावर घेतली होती.

"पोरानं माह्यी शपथ घेतली," भुरीबाई दारातून म्हणाली. "मी नाही म्हने. पण ह्या माणसानं आयकलं नाही. मिस्त्री खोटं कायले लिहीन म्हने. तवापासून बापलेकाचं बोलणं नाही. सोनू वणीले ट्रक चालवते. घरी येत नाही."

"तुमच्या कागदावर भरोसा ठेवला मी," नेमसिंग हळूच म्हणाला. "पोरावर नाही ठेवला."

धम्मदीप एका माणसाची माफी मागायला आला होता, इथं तिघांची मागायची होती. त्याला स्वतःची लाज वाटली, इतकी की तिथून निघून जायचीही हिंमत होईना.

"फोन लाव त्याले," नेमसिंग बायकोला म्हणाला. नंबर त्याच्याकडे नव्हता. भुरीबाईनं आपल्या फोनवरून लावला आणि फोन त्याच्या हातात ठेवला. पलीकडचं बोलणं अंगणभर ऐकू येत होतं.

"हां याडी, बोल." आईचाच फोन समजून सोनू म्हणाला. त्याच्या मागे ट्रक घरघरत होता. "बापू घरी असन तं राहू दे. मंग बोलू."

नेमसिंगनं फोन दोन्ही हातांनी धरला.

"घरीच आहो मी," तो म्हणाला.

पलीकडे ट्रकचं इंजिन बंद झालं.